पिवळ्या टिकलीचा हंगाम

पहिली हातगाडी दिसली की मी घरी येऊन ड्रॉवर आवरायला काढते. दरवर्षीचं आहे हे. जानेवारी अर्धा सरलेला असतो. गंगापूर रोडच्या वळणावर कुणीतरी द्राक्षांची गाडी लावतं. घडांखाली कापलेल्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या, वर हिरवा ढीग, आणि गाडीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर एकेक मणी ठेवत ‘साखर हाय ताई, साखर’ म्हणत असतो. साखर नसते. ती उतरायला अजून पंधरा दिवस असतात. पण तो आंबट मणी दाताखाली फुटला की माझ्या हातांना काम हवं असतं.

नवरा ओळखतो. मी स्टुलावर चढून माळा झाडत असते आणि तो खालून विचारतो, “आली वाटतं द्राक्षं?”

“आली.”

“यादी केलीस?”

“केली.”

“आणि यादी कुठे ठेवलीये त्याची यादी?”

त्याला हा विनोद वाटतो. माझ्याकडे तीही यादी आहे.

माळा होतो, मग कपाट, मग जुन्या वस्तूंची हमीपत्रं, मग औषधांचा डबा, आणि सगळ्यात शेवटी टेबलाचा खालचा ड्रॉवर. त्यात एक रोल आहे. चिकटणाऱ्या गोल कागदी टिकल्यांचा, पिवळ्या रंगाचा, प्रत्येक टिकली रुपयाएवढी. अर्धा संपलेला. माझ्या वहीत दर जानेवारीत एक ओळ असते : पिवळा रोल टाकणे. बाकीच्या ओळींवर महिना संपेपर्यंत काट बसते. ही ओळ तशीच राहते.

मी नर्स आहे. नाशिकच्या एका कर्करोग रुग्णालयात माझी वीस वर्षं होत आली. आमच्याकडे येणारी माणसं रुग्णालयाचं नाव सहसा घेत नाहीत. ‘गाठीचा दवाखाना’ म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तेवढं पुरतं. पिवळी टिकली ही माझी कल्पना. ती दुसऱ्या कुणाची असती तर रोल केव्हाच कचऱ्यात गेला असता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. सकाळच्या राऊंडला एका नवीन डॉक्टरांनी एका निवृत्त पोस्टमास्तरांना उभ्या उभ्या सांगून टाकलं, की यकृतात पसरलंय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत घातला. बोलले त्यांचे दोन भाऊ आणि जावई. जिन्यात त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरली. “आठ दिवस आम्ही हसून खेळून वागतोय त्यांच्यासमोर, आणि तुम्ही दोन मिनिटांत सगळं ओतलंत?” आम्ही सगळे कॉलर सोडवायला धावलो. दुपारी मोठ्या सरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांनी, मला बोलावलं आणि म्हणाले, “सिस्टर, हे परत व्हायला नको. काहीतरी सिस्टिम करा.”

सिस्टिम करा म्हटलं की मला हुरूप येतो. संध्याकाळी मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी पहिला रोल आणला. नियम साधा होता. भरती करताना नातेवाइकांनी ‘पेशंटला सांगू नका’ म्हटलं, की एका कागदावर त्यांची सही घ्यायची आणि फाईलच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी टिकली लावायची. टिकली दिसली की राऊंडला कुणी तोंड उघडायचं नाही. जे बोलायचं ते नातेवाइकांशी, बाहेर, जिन्याजवळ. पेशंटने काही विचारलंच तर हसून म्हणायचं : औषधं वेळेवर घ्या, बरं वाटेल.

त्यानंतर कुणाची कॉलर धरली गेली नाही. मीटिंगमध्ये मोठ्या सरांनी माझं नाव घेतलं. दुसऱ्या एका दवाखान्याच्या मेट्रन ही पद्धत बघायला आल्या, तेव्हा मी त्यांना अख्खा नवा रोल भेट दिला. किती रोल संपले ते मात्र मला सांगता येणार नाही. वॉर्डात कापसाचे किती गठ्ठे शिल्लक आहेत हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं.

मग सात-आठ वर्षांनी ती थंडी आली. निफाडचा पारा घसरल्याची चौकट रोज पेपरात, बागांमधून पहाटे शेकोट्यांचा धूर, आणि सकाळच्या बसमधून येणाऱ्या पेशंटांच्या शालींना त्या धुराचा वास. मोठे सर एका परिषदेला जाऊन आले होते आणि त्यांनी जाहीर केलं, की आपल्या डॉक्टरांना बोलायला शिकवायचं. बऱ्या न होणाऱ्या आजाराबद्दल पेशंटशी कसं बोलावं याचे वर्ग, चार शनिवार, दुपारी एक ते चार.

“बोलायला?” भुलीचे डॉक्टर म्हणाले. “आहेरला आधी पूर्ण वाक्य बोलायला शिकवा.”

डॉ. आहेर आमचे तरुण सर्जन, सटाण्याकडचे. हातात कात्री दिली तर देवमाणूस. तोंड उघडलं की तार वाचल्यासारखे चार शब्द. ते लाजून हसले. व्यवस्था अर्थातच माझ्याकडे आली. खुर्च्या जेवणघरातून, चहा अडीचला, फळा, खडू, उपस्थितीचा कागद, वर्ग घ्यायला पुण्याहून एशियाड बसने येणाऱ्या डॉक्टर मेधाताईंना स्टँडवरून आणायला माणूस. वर्गाची सगळी तयारी माझ्या वहीच्या दीड पानात मावली.

मेधाताईंनी फळ्याला हातच लावला नाही. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, “एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट.” भुलीचे डॉक्टर पेशंट झाले, मी त्यांची बायको. आहेरांनी घसा साफ केला.

“रिपोर्ट आला. थोडा काळजीचा आहे. पण काळजी करू नका. फळं खा.”

“कोणती?” भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं.

“सगळी.”

सगळा वर्ग हसला, आहेरसुद्धा. मेधाताई हसल्या, मग म्हणाल्या, “आपण सगळेच फळं सांगतो. आता एवढंच विचारा : तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे? किती ऐकायचंय? कुणासमोर बोललेलं चालेल? आणि विचारून झालं की गप्प बसा. मनात दहा मोजा.”

हे दहा मोजणं फार अवघड निघालं. आहेर तीनला बोलले. मोठे सर दोनला. मी सहापर्यंत गेले आणि माझं कौतुक झालं. पुढच्या शनिवारपर्यंत मी ते प्रश्न खिशात मावतील अशा कार्डांवर टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून सगळ्यांना वाटले. कार्डांच्या ओळीवर काट मारली तेव्हा मला काम झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी चहाच्या वेळी मी मेधाताईंना आमची पिवळी टिकली दाखवली. थोडी मिरवूनच. त्यांनी फाईल उघडली, नातेवाइकांच्या सहीचा कागद वाचला आणि विचारलं, “आणि पेशंटची सही कुठे असते?”

“पेशंटची कशी असेल? त्याच्यापासूनच तर…”

मी थांबले. मेधाताई नुसत्या कपातला चहा गोल फिरवत राहिल्या. त्या मोजत होत्या हे मला कळत होतं.

सिंधूबाई त्या हंगामात दर मंगळवारी यायच्या. निफाडजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या, उंच, काटक. त्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या मुकादम होत्या. स्तनाची गाठ काढून दीड वर्ष झालं होतं आणि आता आजार यकृतात उतरला होता. ओपीडीबाहेरच्या लांब बाकावर त्या बसल्या की बाकाला शिस्त यायची. कुणाचा नंबर कितवा, कुणाला आधी सोडायचं, कुणाचं पोर रडतंय म्हणून त्याच्या आईला पुढे घ्यायचं, सगळं त्याच ठरवायच्या. माझं काम हलकं व्हायचं आणि मला ते थोडं खटकायचंही.

“काय लिहू राहिल्या सिस्टर?” त्यांनी एकदा विचारलं.

“यादी, मावशी. कोण आलं, कोण नाही आलं.”

“लिहावं लागतंय? माझ्या आठरा बाया हायेत. कोन कंच्या ओळीला, कोनाची कात्री बोथट, कोनाला पाळनं हलवाया जायचंय, समदं हितं हाय.” त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. “लिहून ठिवलं की मानूस इसरतं.”

मला राग यायला हवा होता. मी हसले, आणि तेवढ्यापुरती वही मिटली.

त्यांच्या फाईलवर पिवळी टिकली होती. मुलगा निवृत्ती, त्यानंच सही केली होती. “आईला कळलं तर ती हाय खाईल सिस्टर,” तो म्हणाला होता, “तिला फक्त गाठ परत आली एवढंच सांगा.” तो भला माणूस होता. दर मंगळवारी आईची चप्पल बाकाखाली नीट जोडून ठेवायचा.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सिंधूबाईंनी मला हाताला धरून थांबवलं. सलाईनमुळे त्यांचा हात गार होता, पण बोटांच्या पेरांना द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग तसेच होते.

“एक इचारू का? तोडनी सपली की मालक लोक येत्यात. पुढल्या छाटन्यांचा शब्द घेऊन जात्यात. खरड छाटनी एप्रिलात, अन् गोडी छाटनी आक्टोबरात. मी शब्द दिला की आठरा बायांचं साल लागलं. आता डॉक्टर म्हनत्यात आराम करा. मी आक्टोबरात हाय ना? असंल तर एप्रिलात बसते घरी. नसंल तर मला एप्रिलातच सुनंला समदं दाखवाया लागंल. मंग सांगा, हाय का नाय मी छाटनीला?”

माझ्या हातात वही होती. खिशात मीच टाइप केलेलं कार्ड होतं.

“औषधं वेळेवर घ्या मावशी,” मी म्हणाले. “बरं वाटेल.”

त्यांनी हात सोडला. माझ्याकडे नाही, मांडीवरच्या फाईलकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या.

आज हे लिहिताना मी दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. काही काम नव्हतं तिथे. ओटा पुसलेलाच होता, मी परत पुसला. हा हंगाम आला की असंच होतं. एका जागी बसवत नाही, आणि उठलं तर कुठे जायचं ते ठरत नाही.

तिसऱ्या शनिवारी मेधाताईंना एक खरा पेशंट हवा होता. डॉक्टर आपल्याशी कसे बोलतात हे त्यानं वर्गाला सांगायचं. मी सिंधूबाईंचं नाव लिहिलं. बोलक्या आहेत, घाबरणार नाहीत, वेळेवर येतील. निवृत्तीला म्हटलं, नुसत्या गप्पा आहेत. तोही आला आणि बाहेर जिन्यात बसला.

सिंधूबाई हिरवं इरकली लुगडं नेसून आल्या. खुर्चीवर सरळ बसल्या, फाईल मांडीवर. समोर पंधरा डॉक्टर. मेधाताईंनी विचारलं, “मावशी, इथले डॉक्टर तुमच्याशी काय बोलतात?”

“माझ्याशी कुठं बोलत्यात?” त्या म्हणाल्या. “ज्याच्या फायलीला टिकली नाय त्याच्याशी बोलत्यात. टिकली लागली की फायलीशी बोलत्यात. फाईल बगायची, मान हलवायची, अन् निवृत्तीला भाईर न्यायचं.”

कुणीतरी हसल्यासारखं केलं आणि थांबलं.

“कोणती टिकली?” मेधाताईंना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं.

“ही.” सिंधूबाईंनी फाईल उभी धरली. “आमच्या बाकावर समद्यांना ठाव हाय. नवी बाई आली की आमी आदी तिची फाईल बगतो. टिकली नसंल तर म्हनतो, हिला घरचं जेवन बी गोड लागंल. टिकली असंल तर तिला सरकून जागा देतो.” त्यांनी फाईल परत मांडीवर ठेवली. “बागंत आमी बी तेच करतो. जी येल वाळाया लागली, जी हंगाम सपला की मुळासकट काढायची, तिच्या बुंध्याला चिंधी बांधतो. म्हंजे बाया तिला पानी बी देत नाय अन् तिच्यावर कात्री बी वाया घालवत नाय. मला येकदम वळखू आली. मी म्हनलं, सिंधू, तुला चिंधी बांदली.”

मी उपस्थितीच्या कागदाकडे बघत होते. सगळ्यांच्या सह्या जागच्या जागी होत्या.

“चिंधीचं मला वाईट नाय,” सिंधूबाई पुढे म्हणाल्या. “पन येल बोलत नाय, म्हनून तिला इचारत नाय. मी तर बोलती बाई हाय. सोमवारी मालक लोक येनार, शब्द मागनार. देऊ का नको?”

प्रश्न आहेरांकडे बघून होता. सिंधूबाईंचे उपचार तेच करत होते. आहेरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मोठे सर उभे राहिले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “मावशी, हे आपण मंगळवारी ओपीडीत नीट बोलू हं. सिस्टर, चहा सांगा.”

मी चहा सांगितला. बरोबर अडीच वाजले होते.

सिंधूबाईंनी पिशवी उचलली. “मंगळवार सोमवारच्या मागून येतो सर,” त्या म्हणाल्या, आणि चहा न घेता निवृत्तीबरोबर बसला गेल्या.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि वहीत ओळ लिहिली : सिंधूबाई, उत्तर. ओळीसमोर कोण करणार, केव्हा करणार, हे दोन रकाने मी नेहमी आखते. ते दोन्ही रिकामे राहिले. रविवारी सकाळी मी माळा झाडत होते तेव्हा फोन वाजला. आहेर होते.

“सिस्टर, काय करताय?”

“माळा झाडतेय.”

“मीही गाडी धुतली. दोनदा.” मग म्हणाले, “निफाडला येता?”

त्यांच्याबद्दल आता सगळे फार चांगलं बोलतात, पण तो माणूस मला कळला तो त्या वाक्यात.

निफाडच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या होत्या, त्यांच्या मागे मागे जावं लागत होतं. आहेर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मी गाडीतले जुने पार्किंगचे कागद गोळा करून त्यांची तारखेप्रमाणे गड्डी लावली.

पॅकिंगची शेड गावाबाहेर होती. पत्रे, ताडपत्री, क्रेटचे मनोरे, आणि आत बायकांच्या दोन रांगा, प्रत्येकीच्या हातात बारीक कात्री. निवृत्तीनं आम्हाला दारातच गाठलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

“आईला काई सांगायचं नाय म्हनून मी सही केली व्हती ना सिस्टर?”

“केली होतीस.”

“टिकली तुमची. कागद तुमचा. सही कुठं करायची ते बोट बी तुमीच ठिवलं व्हतं. अन् आता तुमीच मोडू राहिले?”

आहेर म्हणाले, “निवृत्ती, तुला कशाची भीती वाटते?” आणि गप्प राहिले. मी आपोआप मोजायला लागले. आठ झाले तेव्हा निवृत्ती बोलला.

“ती रडली तर मी काय करू? मी तिला रडताना कवा पायलंच नाय.”

“मलाही माहीत नाही काय करायचं,” आहेर म्हणाले. “पण आपण तिघं असू.”

“निवृत्ती!” आतून आवाज आला. “पाव्हन्यांना उन्हात काहून उभं करू राहिला? आन आत. सोमवारच्या आत आले, शहाने हायेत.”

आहेर क्रेट उलटा टाकून सिंधूबाईंसमोर बसले. मला कुणीतरी बसायला पोतं दिलं. सिंधूबाईंचे हात थांबले नाहीत. घड देठाला धरून उचलायचा, फिरवायचा, खराब मणी कात्रीच्या टोकानं काढायचा, आणि मण्यांवरची पांढुरकी लव पुसू नये म्हणून बोट न लावता खाली ठेवायचा. शेजारी त्यांची सून, निवृत्तीची बायको शालन, तेच करत होती, जरा हळू.

“मावशी, आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?” आहेरांनी विचारलं. कार्ड त्यांच्या खिशातच होतं.

“गाठ काढली, परत आली. आता हितं जड लागतंय.” त्यांनी कात्रीनं बरगडीखाली दाखवलं. “पोटात गेली असंल.”

“किती ऐकायचंय तुम्हाला?”

त्यांनी विचार केला. “छाटनीपुरतं.”

“निवृत्तीसमोर सांगू?”

“सांगा की. त्याला पैल्यापासून ठाव हाय. त्याच्या तोंडावरच टिकली लावल्यावानी दिसतंय.”

मग आहेर बोलले. चार शब्दांत नाही. पूर्ण वाक्यांत, एकेक थांबून. “मावशी, आजार यकृतात गेलाय. औषधानं तो थांबत नाहीये. एप्रिलच्या छाटणीला तुम्ही असाल, बागेत जाता येईल असं मला वाटतं. ऑक्टोबरच्या छाटणीला असाल असं वाटत नाही. मी चुकलो तर मला फार बरं वाटेल. पण शब्द देऊ नका. दुखण्यावर मात्र शेवटपर्यंत औषध आहे, आणि मीही आहे.”

मी मोजत होते. सहा झाले. जिभेवर काहीतरी आलं होतं, ते मी दाताखाली धरलं. दहा झाले. वीस. शेडमधल्या बाकीच्या कात्र्या चालू होत्या, टिक टिक टिक. सिंधूबाईंनी हातातला घड फिरवला, एक सडका मणी काढला, घड खाली ठेवला.

“मंग शब्द शालन देईल.”

शालनची कात्री थांबली. “आत्याबाई, मला नाय येत…”

“येत नाय हे मला ठाव हाय. खरडीला माझ्यासंगं यायचं. मी झाडाखाली बसन, तू छाटायचं. चुकली की मी बोलन. मालकांना बी उद्या तूच चहा द्यायचा अन् तूच बोलायचं. मी बगते कशी येत नाय ते.”

त्या रडल्या नाहीत. रडला निवृत्ती. आईच्या पायाशी क्रेटजवळ खाली बसला आणि त्याला आवरेना. सिंधूबाईंनी डाव्या हातानं त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि उजव्या हातानं समोरचे घड जरा लांब सरकवले.

“मालावर पानी पाडू नको रे,” त्या म्हणाल्या. “घडाची लव जाती.”

मंगळवारी त्या ओपीडीत आल्या, बाकावर बसल्या, नखानं फाईलच्या कोपऱ्यातली टिकली खरवडून काढली आणि माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. “ही तुमची, ठिवा,” म्हणाल्या. मला वाटलं एवढ्यावर भागलं. मी वळले तर बाकावरच्या आणखी तिघींनी फायली पुढे धरल्या होत्या.

टिकल्या काढणं लावण्याएवढं सोपं नव्हतं. प्रत्येक टिकलीमागे एक सही होती, एक घाबरलेला मुलगा किंवा नवरा होता. प्रत्येकापाशी बसावं लागलं, विचारावं लागलं, मोजावं लागलं. तो सगळा उन्हाळा त्यात गेला. मोठे सर आधी नाराज होते, मग एक दिवस न सांगता स्टूल ओढून एका पेशंटपाशी बसलेले दिसले. घोटीचे एक भाताचे व्यापारी मात्र म्हणाले, “सिस्टर, मला नका सांगू. पोराला सांगा, तो बघेल. मला नाही ऐकायचं.” मी त्यांच्या फाईलवर तसं लिहिलं आणि खाली त्यांचीच सही घेतली. त्यांना ऐकायचं नव्हतं, पण त्यांना विचारलं गेलं होतं. सहीचा कागद आजही आहे. आता त्यावर पहिली जागा पेशंटची असते.

सिंधूबाई एप्रिलच्या छाटणीला होत्या. लिंबाखाली खाट टाकून, भर उन्हाळ्यात. निवृत्ती सांगायचा, आवाज बांधापलीकडे ऐकू येतो म्हणून. पावसाळ्यात त्या वारल्या, घरीच. दुखणं आवाक्यात होतं. आहेर दर पंधरवड्याला जाऊन येत होते. ऑक्टोबरात टोळी ठरल्या दिवशी बागेत उभी राहिली, अठराच्या अठरा, पुढे शालन.

हे सगळं नीट झालं, असं लोक म्हणतात. वर्गाची गोष्ट सांगायची वेळ आली की ही सांगतात. मीही सांगते. पण एक यादी मला करता आलेली नाही. सिंधूबाईंच्या आधीची सात-आठ वर्षं. किती जणांनी मला हाताला धरून थांबवलं असेल, आणि कशासाठी? कुणाला लेकीचं लग्न अलीकडे घ्यायचं होतं, कुणाला भावाशी बोलायचं होतं, कुणाला फक्त गावी जायचं होतं. मी त्यांचे प्रश्न लिहिले नाहीत, कारण उत्तर ठरलेलं होतं. ते पोस्टमास्तर मला फार आठवतात. चष्मा पुसून परत घातला तेव्हा ते काहीतरी विचारणार होते, असं मला आता वाटतं. आम्ही सगळे जिन्याकडे धावलो. खाटेपाशी कुणीच उरलं नव्हतं.

यंदा शालनचा फोन आला. आता तिच्याकडे मोबाईल आहे. “सिस्टर, पेटी पाठवली, हे आनून देतील. यंदा साखर चांगली उतरली. अन् छाटन्यांचा शब्द दिला बरं का. बावीस बाया हायेत आता.”

“लिहून ठेवतेस का गं नावं?”

“नाय बा. डोक्यात हाय समदं.”

मी हसले. दुसऱ्या दिवशी, गेल्या मंगळवारी, ओपीडीच्या बाकावर एका माणसानं मला थांबवलं. नवीन होते, विंचूरकडचे, कांद्याच्या मार्केटात मापाडी. “सिस्टर, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले, “उन्हाळ कांदा बाजारात येईल तेव्हा मी…” आणि थांबले.

“औषधं वेळेवर…” माझ्या तोंडून निघालंच.

एवढ्या वर्षांनी, एवढ्या वर्गांनंतर. आता मी स्वतः नव्या नर्सना ते कार्ड शिकवते. मी तोंड मिटलं. वही बाकावर ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. “तुम्ही काहीतरी विचारत होतात,” म्हटलं. मग मोजायला लागले. सहाला नेहमीप्रमाणे जीभ वळवळली. सात. आठ. नऊला त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारायला सुरुवात केली.

घरी येऊन मी खालचा ड्रॉवर उघडला. रोल हातात घेतला. डिंक वाळलाय, टिकल्या आता कशाला चिकटणारही नाहीत. परत आत ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या पानावर ओळ उतरवून घेतली : पिवळा रोल टाकणे.